वडिलांच्या पश्चात पीएम किसानचा हप्ता: गाडं नेमकं कुठं अडतं

एका शेतकऱ्यानं लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील २०२३ च्या दिवाळीनंतर वारले. त्यांच्या खात्यावर केंद्राच्या पीएम किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे येत होते, ते बंद झाले. सहा एकर जमीन आहे, जमीन आमचीच आहे, घरात आई आणि आम्ही दोघे भाऊ. तलाठी म्हणतात कृषीकडे जा, कृषीवाले म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते तुमचं आधार जोडलेलं आहे, आमच्याकडे काही नाही. शेतकरी आयडी काढला, तरी हप्ता नाही. वर आणखी हे, की ज्या माणसाची चार एकर आम्ही ठोक्यानं (वर्षाचे ठरावीक पैसे देऊन) करतो तो पुण्यात राहतो आणि गावच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याला पैसे येतात, आम्हाला नाहीत. हे कसं?

मराठवाड्यात कृषी खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आधी सहायक, मग पर्यवेक्षक. (आता ही पदं सहायक कृषी अधिकारी आणि उप कृषी अधिकारी झाली आहेत, तलाठ्याचाही ग्राम महसूल अधिकारी झाला. गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) योजना सुरू झाली तेव्हा मी याद्या भरल्या, आणि पुढची काही वर्षं त्याच याद्यांतल्या चुका निस्तरल्या. त्या अनुभवावरून सांगतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यातच अडकलेलं आहे. पीएम किसानचा पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. रान कोणी नांगरलं, पेरलं कोणी, कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे, याची चौकशी या योजनेत कुठंच नाही. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि त्याच महिन्यात २४ तारखेला गोरखपूरला पैसे सोडले गेले. मधे जेमतेम तीन आठवडे. एवढ्या वेळात शेतात जाऊन कसणारा कोण हे पाहणं शक्यच नव्हतं. जे तयार होतं ते घेतलं, म्हणजे आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि सातबारा. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, जून २०१९ पासून तीही निघाली. म्हणून आज दहा गुंठ्यांच्या मालकाला वर्षाला ६,००० आणि वीस एकरवाल्यालाही ६,०००. तेवढेच राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे. दोन हजारांच्या एका हप्त्यात डीएपी खताची १,३५० रुपयांची एक बॅग येते आणि वर थोडे उरतात. रक्कम मोठी नाही, पण वेळेवर आली तर पेरणीत उपयोगी पडते, म्हणूनच ती अडली की माणूस हैराण होतो.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. तेलंगणानं २०१८ मध्ये रयतु बंधू सुरू केली ती एकरी होती, हंगामाला एकरी ४,००० आणि नंतर ५,०००. धर्माबाद, किनवटकडचे लोक तेव्हा आम्हाला टोचून विचारायचे, की साहेब, नदीपलीकडं असं आणि आपल्याकडं असं का? ओडिशानं कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांनाही धरलं होतं. केंद्राच्या योजनेत बटईदार, ठोकेदार, मक्तेदार कोणीच नाही. वनहक्काचा पट्टा असलेला बसतो, कारण त्याच्याकडं नावाचा कागद आहे.

आता तुमचा पुण्याचा मालक. जमीन त्याच्या नावावर आहे म्हणून तो यादीत आला. पण तो पात्र आहेच असं नाही. मागच्या आकारणी वर्षात आयकर भरलेला, सरकारी नोकरीतला किंवा निवृत्त (शिपाई-चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारा, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंता, सीए, वास्तुविशारद, आजी-माजी आमदार-खासदार, हे सगळे वगळलेले आहेत. कुटुंबात एकजण जरी यात बसला तरी कुटुंब बाहेर. आयकर भरणाऱ्यांची नावं केंद्रानं आयकर खात्याच्या माहितीशी ताडून काढली आणि आमच्याकडं पाठवली. गावोगाव वसुलीच्या नोटिसा गेल्या. काहींनी निमूट पैसे भरले, काहींनी आमच्याशी भांडण काढलं. एका गावात तर मी आठ दिवस पाऊल टाकलं नव्हतं.

इथं एक बारीक गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी सीएकडून आयकराची फाईल काढलेले, पण कर शून्य भरलेले शेतकरी असतात. नियम कर भरणाऱ्याला वगळतो, नुसतं विवरणपत्र भरणाऱ्याला नाही. अशा कोणाचं नाव कटलं असेल तर विवरणपत्राची प्रत जोडून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगून काही होत नाही.

मालकाची तक्रार करायची का? करता येते. पण तुमचा ठोका तोंडी आहे हे मी धरून चालतो. तक्रारीनं त्याचे सहा हजार थांबतील, तुम्हाला त्यातला एक रुपया मिळणार नाही, आणि पाडव्याला चार एकर दुसऱ्याच्या हातात जाईल. मी अधिकारी म्हणून हे सांगणं बरोबर आहे का, ठाऊक नाही, पण शेतकऱ्याचा पोरगा म्हणून सांगतो. त्यापेक्षा ठोका ठरवताना अतिवृष्टीच्या अनुदानाचं बोलून घ्या. ते पैसेही सातबाऱ्यावरच्या नावालाच जातात, आणि ती रक्कम पीएम किसानपेक्षा मोठी असते. आपत्तीच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० असे दर आहेत, मर्यादा दोन हेक्टर. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्यानं ती तीन हेक्टर केली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले. सोयाबीन तुमचं सडलं आणि पैसे पुण्यात पडले, हे मी फार पाहिलंय. निम्मे-निम्मे ठरलं तर लिहून ठेवा, साध्या कागदावर दोघांच्या सह्या असल्या तरी बोलायला तोंड राहतं. पीकविमा स्वतःच्या नावानं काढायचा असेल तर मात्र नोंदणीकृत भाडेकरार लागतो.

आता घरचं.

सगळ्यात आधी वडिलांचं पासबुक भरून आणा. ते वारल्यावर एखादा हप्ता जमा झालाय का पाहा. बहुतेक घरांत झालेला असतो, आणि बहुतेक घरांत तो एटीएममधून काढलेला असतो. त्यात कोणाची बदमाशी नसते, घरात दिवस घालायचे असतात. पण मयताच्या नावावर आलेला हप्ता परत करावा लागतो, पीएम किसानच्या संकेतस्थळावर परताव्याची सोय आहे. तो भरून पावती जपून ठेवा. पुढं आईची नोंदणी तपासताना कोणी हा मुद्दा काढला तर हातात कागद हवा. मृत्यूचा दाखला जोडून वडिलांची नोंदणीही बंद करून घ्या. ती आपोआप बंद झाली असेल असं समजून बसू नका.

दुसरं, वारस नोंद. तुम्ही लिहिलंय "जमीन आमचीच आहे". सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे ते लिहिलेलं नाही, आणि माझा अंदाज आहे की तिथं अजून वडीलच आहेत. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली, बुलढाण्यात आधी करून पाहिली होती. मयतांची नावं काढून वारसांची लावायची, एवढंच तिचं काम. तुमच्या गावात त्या वेळी चावडीवर वाचन झालं असेल आणि तुम्ही गेला नसाल. हरकत नाही, वारसाचा अर्ज ई-हक्क या महसूलच्या संकेतस्थळावर घरबसल्या किंवा सेवा केंद्रातून करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचं शपथपत्र, सगळ्यांची आधार कार्डं लागतात. फेरफार (उताऱ्यावरच्या बदलाची नोंद) पडला की नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणी असतील तर त्यांची नावंही येतील, यायलाच पाहिजेत. ती लपवून केलेला फेरफार पुढं दिवाणी दाव्यात निघतो आणि तेव्हा अनुदान, कर्ज, विमा सगळंच एकदम गोठतं.

इथं एक जुनं दुखणं सांगतो. पुष्कळ सातबाऱ्यांवर अजून "ए.कु.मॅ." असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आजोबा गेले, थोरल्या चुलत्याचं नाव मॅनेजर म्हणून लागलं आणि बाकी भावांची नावं कधी आलीच नाहीत. जमीन चौघांची, कागदावर एकजण, पैसा एकालाच. तुमच्या उताऱ्यात असं काही असेल तर आधी ते काढा. पीएम किसानसाठी नव्हे तर तुमच्या पुढच्या पिढीसाठी.

फेब्रुवारी २०१९ ची तारीख इथं महत्त्वाची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीनं, बक्षीसपत्रानं नावावर आलेल्या जमिनीला ही योजना लागू नाही. वारसानं आलेल्या जमिनीला लागू आहे. म्हणून तुमच्या अर्जाला नुसता आजचा सातबारा पुरत नाही. जमीन त्या तारखेआधी वडिलांच्या नावावर होती हे दाखवणारा जुना फेरफार आणि वारसाचा नवा फेरफार, असे दोन्ही लागतात. तालुक्याला परत आलेल्या अर्जांत मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, जुना फेरफार जोडलेला नाही. अर्जदाराला "नामंजूर" एवढंच दिसतं, आणि तो समजतो की आपण अपात्र आहोत.

नोंदणी कोणाची करायची? योजनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. आई वेगळं कुटुंब, तुम्ही वेगळं, भाऊ वेगळा, नावं मात्र उताऱ्यावर असायला हवीत. मी असतो तर आधी आईचा अर्ज केला असता. तिचं प्रकरण सगळ्यात सरळ आहे, पतीच्या पश्चात पत्नी. तुमच्या दोघांच्या बाबतीत एक पाहा: तुमच्या किंवा भावाच्या बायकोच्या नावावर माहेरची जमीन असून तिला आधीच हप्ता येतो का? येत असेल तर त्या घरात दुसरा अर्ज करू नका. २०२५ मध्ये केंद्रानं नवरा-बायको दोघंही, किंवा एकाच घरातला सज्ञान आणि अज्ञान दोघंही पैसे घेतात अशी संशयित नावं वेगळी काढली आणि प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते रोखले. रेशनकार्डावरून, आधारावरून ते शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. दोघांचेही थांबतात आणि मग एकाचं चालू करायला सहा महिने जातात.

अर्ज झाल्यावर तो तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढतो. त्याच्या जोडीला तीन गोष्टी पुऱ्या व्हाव्या लागतात आणि त्या तीन वेगळ्या माणसांच्या हातात आहेत. तुम्हाला तिघांनी टोलवलं ते यामुळंच, त्यांच्यापैकी खोटं बहुधा कोणीच बोललं नसेल. संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती पाहिली की तिथं ई-केवायसी (आधारावरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) आणि आधार-बँक सीडिंग (आधार बँकेला जोडणं) असे तीन रकाने दिसतात. लँड सीडिंग पुढं "नाही" असेल तर काम महसूलच्या नोंदीचं. ई-केवायसी "नाही" असेल तर तुमचं स्वतःचं. तिसरा रकाना बँकेचा. कार्यालयात जाण्याआधी ते पान छापून न्या. रिकाम्या हातानं गेलेल्याला पुढच्या टेबलाकडं पाठवणं सोपं असतं.

बँकेच्या रकान्यावर जरा थांबतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्या. "आधार जोडलेलं आहे" या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तुमच्या खात्याच्या नोंदीत आधार क्रमांक लिहिलेला आहे. दुसरा, एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या नकाशात, म्हणजे कोणतं आधार कोणत्या बँकेला जोडलंय त्या यादीत, तुमच्या आधारापुढं त्या बँकेचं नाव आहे. पैसे सोडणारी यंत्रणा खातं क्रमांक बघत नाही, आधार बघते, आणि नकाशात ज्या बँकेचं नाव असेल तिकडं रक्कम ढकलते. त्या नकाशात एका आधारापुढं एकच बँक असते, शेवटी जिथं जोडणी केली ती. बँकेतला माणूस पहिल्या अर्थानं खरं बोलतो, आणि तुमचे पैसे दुसऱ्या अर्थामुळं दुसरीकडं गेलेले असतात.

माझ्या सख्ख्या मेव्हण्याचे तीन हप्ते असेच गायब होते. मी खात्यातला माणूस, मलाच लाज वाटायला लागली. शेवटी कळलं की मोबाइलच्या दुकानात नवीन सिम घेताना अंगठा लावला, तेव्हा त्याच्या नकळत एक खातंही उघडलं गेलं होतं. सहा हजार तिथं सुखरूप पडून होते. माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक सीडिंग पाहता येतं, तिथं बँकेचं नाव दिसतं. चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा, आणि भरताना "डीबीटीसाठी" (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशासाठी) हे शब्द वापरा. शाखा दाद देत नसेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं काढणं हा सोपा रस्ता आहे, पोस्टमन घरी येऊनही काढून देतो. आईसाठी तेच बरं पडेल. सोसायटीच्या कर्जाच्या थकबाकीमुळं बचत खात्याला होल्ड (पैसे काढायला मनाई) लागलेला असतो, तो प्रश्नही नव्या खात्यानं टळतो. नैसर्गिक आपत्तीची मदत कर्जात वळती करू नये असं प्रत्येक शासन निर्णयात लिहिलेलं असतं, तरी होल्ड लागतोच. लागला तर त्या निर्णयाची प्रत घेऊन शाखेत जा.

नावाचा घोळही पाहून घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही रात्री-रात्री बसून नावं इंग्रजी अक्षरांत भरली. सातबाऱ्यावर गंगूबाई, आधारावर गंगाबाई, बँकेत गंगाबाई विठ्ठलराव. आम्ही काय टंकलं असेल देव जाणे. आधीच्या हप्त्यांना खातं क्रमांक चालत होता म्हणून ते खपून गेलं. आधार आडवं आल्यावर एकेक अक्षर भोवलं. आईचा नवा अर्ज करताना नाव आधारावर आहे तसंच्या तसं टाका, आणि वारसाच्या फेरफारातही तेच नाव लावून घ्या. एवढं एक केलंत तरी पुढचे चार हेलपाटे वाचतील.

शेतकरी आयडीबद्दल. तो काढलात ते चांगलं केलं, १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच आणि पीएम किसानच्या नव्या नोंदणीलाही लागतो. पण आयडी म्हणजे अर्ज नव्हे. तो कोणाचा काढला, तेही पाहा. सातबाऱ्यावर नाव नसताना तुमच्या आयडीला गट (जमिनीचा गट क्रमांक) जोडलाच गेला नसेल, आणि गट नसलेला आयडी नुसता नंबर असतो. वारस नोंद झाल्यावर त्यात गट जोडून घ्यावा लागेल.

नमो शेतकरीसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानला पात्र ठरलात की राज्य त्याच यादीवरून पैसे सोडतं. तो वेगळ्या तारखेला येतो, कधी दोन हप्ते एकदम, जसे २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या कार्यक्रमात दुसरा-तिसरा एकत्र आले. पीएम किसानचा आला आणि नमोचा दोन महिन्यांनी, तर घाबरू नका.

मागचे मिळतील का? वडील गेल्यापासून आईची नोंदणी होईपर्यंतचे नाहीत. ज्या चार महिन्यांच्या पाळीत नाव चढतं, तिथून हक्क सुरू होतो. एकदा मंजूर झाल्यावर ई-केवायसी किंवा सीडिंगपायी अडकलेले हप्ते मात्र त्रुटी दूर झाल्यावर येतात. म्हणून घाई करायची ती वारस नोंदीची करा.

व्हॉट्सअॅपवर "पीएम किसान" नावाची फाईल आली तर उघडू नका, आईच्या फोनवर तर मुळीच नको. त्यातून खाती रिकामी झाल्याची प्रकरणं झालेली आहेत.

आणि आईची ई-केवायसी. रानात हयात गेलेल्या बाईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीन तीन-चारदा नाही म्हणतं आणि ती बिचारी हात पदराला पुसत बसते. केंद्रावर तास घालवू नका. पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून ई-केवायसी होते, २०२३ पासून ती सोय आहे. सकाळी अंगणात उजेडाकडं तोंड करून बसवा, डोक्यावरचा पदर जरा मागं घ्यायला सांगा आणि डोळ्यांची उघडझाप करायला लावा. पहिल्या-दुसऱ्या वेळेला होऊन जातं.